सई आली, सखू राहिली

संस्कृतातल्या ‘सखी’ या एकाच शब्दापासून मराठीत मुलींची तीन नावं झाली : सखी, सई आणि सखू. अर्थ तिन्हींचा एकच, मैत्रीण. तरी आज बारशाच्या आधी घरात नावांची यादी होते तेव्हा सई तिच्यात हमखास असते, सखी अधूनमधून असते आणि सखू नसतेच. कुणी सुचवलंच तर सगळे हसतात, आणि ज्यांच्या पणजीचं नाव सखूबाई होतं तेही हसतात. मूळ तेच, अर्थ तोच, आणि नशीब मात्र इतकं वेगळं. नावं वर कशी येतात आणि मागे कशी पडतात हे तपासायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. माझं म्हणणं असं आहे की नावाचं भाग्य त्याच्या अर्थावर ठरत नाही, नादावर त्याहून कमी ठरतं. ते नाव आधी कोणाला लावलं गेलं, कोणत्या घरात आणि कोणत्या कामासाठी त्याची हाक ऐकू आली, यावर ते ठरतं. हे अनेकांना पटणार नाही. म्हणून त्यांची बाजू इथे एका आक्षेपकाच्या तोंडी दिली आहे, आणि होईल तेवढी भक्कम दिली आहे.

आक्षेपक : साध्या गोष्टीला तुम्ही फार लांबून हात घालताय. लोक सई हे नाव ठेवतात ते सईबाईंमुळे. फलटणच्या नाईक निंबाळकरांची लेक, शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी, संभाजी महाराजांच्या आई. १६४० मध्ये त्यांचं लग्न झालं, १६५७ मध्ये पुरंदरावर शंभूराजे जन्मले आणि ५ सप्टेंबर १६५९ला राजगडावर सईबाई गेल्या. मूल सव्वादोन वर्षांचं, आणि अफजलखान स्वराज्यावर चालून आलेला. प्रतापगडाची भेट झाली ती त्यानंतर दोनच महिन्यांनी. ही कहाणी महाराष्ट्राच्या काळजात रुतलेली आहे. रणजित देसाईंनी ‘श्रीमान योगी’ लिहिली, शिवाजी सावंतांनी ‘छावा’ लिहिली, मग मालिका आल्या, चित्रपट आले. हे सगळं वाचणाऱ्या-पाहणाऱ्या समाजानं आपल्या लेकीला सई म्हटलं तर त्यात कोडं कसलं? नाव म्हणजे स्मरण. ज्याचं स्मरण ठेवावंसं वाटतं त्याचं नाव ठेवतात.

लेखक : स्मरणामुळे नाव मरत नाही, हे मला मान्य आहे. पण स्मरणात असलेल्या सगळ्या नावांतून एकच का उचललं जातं, हे त्यातून कळत नाही. महाराजांच्या राण्यांची नावं आठवून पाहा : सईबाई, सोयराबाई, पुतळाबाई, सकवारबाई, सगुणाबाई, काशीबाई, गुणवंताबाई, लक्ष्मीबाई. कादंबऱ्या त्याच, मालिका त्याच, सिंहासन तेच. मग आजच्या बालवर्गाच्या हजेरीपटावर सोयरा का नाही, पुतळा का नाही, सकवार का नाही? सोयराबाईंचं नाव संभाजी महाराजांच्या विरोधातल्या कारस्थानाशी जोडलं गेलं, म्हणून लोकांनी ते टाळलं, असं तुम्ही म्हणाल. ठीक आहे. पण पुतळाबाईंविषयी तर कुणाच्या मनात अढी नाही, कादंबऱ्यांत आणि नाटकांत त्यांचं चित्रण आदरानंच येतं. तरी पुतळा हे नाव परत आलं नाही. दुसरी गोष्ट काळाची. ‘श्रीमान योगी’ १९६८ची, ‘छावा’ १९७९ची. ‘स्पर्श’, ‘चष्मे बद्दूर’ आणि ‘कथा’ करणाऱ्या सई परांजपे जन्मल्या १९३८ मध्ये. त्यांच्या आई शकुंतला परांजपे, रँग्लर परांजप्यांच्या कन्या, १९०६च्या. किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८०मध्ये रंगभूमीवर आलं होतं, आणि पुढच्या पन्नासएक वर्षांत शकुंतला हे शिकलेल्या घरांचं आवडतं नाव झालं. थेट कालिदासाच्या नायिकेचं नाव. तीच शकुंतला आपल्या मुलीला सई म्हणते, हे त्या पिढीचं वळण आहे. सईबाई त्यांनाही ठाऊक असणारच. पण ऐतिहासिक कादंबरीची लाट यायच्या तीस वर्षं आधी त्या घरात हे नाव आलं होतं, आणि ते घर शिवकालाच्या अभिमानापेक्षा गणितासाठी, कुटुंबनियोजनाच्या कामासाठी आणि मोकळ्या विचारांसाठी ओळखलं जात होतं. नाव परत येण्याची वाट गडावरून खाली उतरणारी एकटीच नव्हती.

आक्षेपक : पुतळ्याचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. पुतळा म्हणजे आज चौकातला पुतळा. अर्थ अडचणीचा झाला म्हणून नाव गेलं. म्हणजे अर्थाला किंमत आहे. आणि अर्थाचीच गोष्ट निघाली तर सई म्हणजे सखी हे तरी तुम्ही कशावरून धरता? प्राकृतात दोन स्वरांमधला त गळतो. ‘जाती’ची जाई झाली, तशी ‘सती’ची सई होऊ शकते. तुमचं सगळं बांधकाम सखी, सई, सखू या तिघींना बहिणी मानण्यावर उभं आहे. पायाच कच्चा असेल तर?

लेखक : हा आक्षेप चांगला आहे, तेव्हा नीट उत्तर दिलं पाहिजे. महाराष्ट्री प्राकृताचा एक ठळक नियम वररुचीनं ‘प्राकृतप्रकाशा’त नोंदवला आहे : दोन स्वरांमध्ये आलेल्या ख, घ, थ, ध, भ यांचा ह होतो. दधीचं दही झालं ते असं, मधूकाचा मोह झाला तो असा. त्याच नियमानं सखीची ‘सही’ झाली. सातवाहनांच्या काळाशी जोडल्या गेलेल्या ‘गाथासप्तशती’त या सहीला मारलेल्या हाका पानोपानी आहेत, कारण त्या गाथांतली बाई आपलं मन बहुतेक वेळा मैत्रिणीपाशीच मोकळं करते. पुढे मराठीच्या तोंडी मधला हलका ह विरून गेला, जसा साहूचा साव होताना विरला, आणि सई उरली. सतीपासूनही सई होऊ शकते, नियमात ते बसतं. पण नियमात बसणाऱ्या दोन व्युत्पत्तींतून एक निवडायची तर बोलणाऱ्यांच्या तोंडी शब्दाचा अर्थ काय आहे ते पाहायचं. जात्यावरच्या ओव्यांत, भोंडल्याच्या आणि फुगडीच्या गाण्यांत ‘सई’, ‘सये’, ‘सयांनो’ ही हाक बरोबरीच्या बाईला असते, पतिव्रतेला नसते. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे, आणि त्या दळणाऱ्या बायकांच्या जगात सई ही सुखदुःख ऐकणारी बाई आहे. दुसरी साक्ष बाहेरची. बंगालीतही हा शब्द जिवंत आहे, लिहितात ‘सइ’ आणि म्हणतात ‘शोइ’, अर्थ जिवाभावाची मैत्रीण. नवनीता देव सेन यांनी २००० मध्ये बंगाली लेखिकांची संस्था काढली तिला हेच नाव दिलं. मराठी आणि बंगाली या दोन लांबच्या भाषांत सखी एकाच वाटेनं एकाच ठिकाणी पोचली असेल तर पाया कच्चा म्हणता येणार नाही. जाता जाता सांगण्यासारखं म्हणजे आठवण या अर्थाचा ‘सय’ हा वेगळा शब्द आहे, तो ‘स्मृती’कडून आला. सई परांजप्यांनी आपल्या कलाप्रवासाच्या पुस्तकाला ‘सय’ हे शीर्षक दिलं तेव्हा मैत्रीण आणि आठवण शेजारी येऊन बसल्या.

आता पुतळ्याकडे येतो. त्या बाबतीत तुमचं म्हणणं मी घेतो. अर्थ अडचणीचा झाला तर नाव पडतं. पण यातून एवढंच निघतं की अर्थ नावाला मारू शकतो. अर्थ चांगला असला म्हणून नाव तरतं, हे त्यातून निघत नाही. तसं असतं तर सखू तरली असती, कारण सईचा जो अर्थ तोच तिचा. उलट आज सईचा अर्थ विचारला तर नाव ठेवणाऱ्या आईबापांतलेही अनेक जण अडखळतात, आणि सखूचा अर्थ मात्र शाळकरी मुलालाही ऐकताक्षणी लागतो. ज्या नावाचा अर्थ स्पष्ट ते मागे राहिलं आणि ज्याचा अर्थ बुजला ते पुढे गेलं. अर्थावर सगळं ठरत असतं तर हे असं घडलं नसतं.

आक्षेपक : मग नाद धरा. आजची नावं आखूड असतात, मऊ असतात. मीरा, ईरा, सिया, आर्या. सई त्यांच्या रांगेत चपखल बसते : एक मऊ व्यंजन, दोन स्वर, झालं नाव. सखूमध्ये घशातून येणारा ख आहे आणि शेवटी ऊ आहे. कानाला ते जड लागतं. शिवाय आता मुलं परदेशी जातात, तिकडच्या माणसाला उच्चारता येईल असं नाव हवं. त्यात समाजाची उतरंड कशाला शोधायची? कानाची आवड बदलली, एवढंच.

लेखक : कानाचा निवाडा पाहू. ख जड म्हणता, तर सखी का चालते? रेखा, शिखा, लेखा यांतला ख कुणाला खुपला? ऊ नको म्हणता, तर रेणू, वेणू, मधू, मंजू, नीलू ही नावं शहरातल्या सुशिक्षित घरांत गोडच मानली गेली. म्हणजे सखी चालते आणि रेणू चालते, पण सखीचा पूर्वार्ध आणि रेणूचा ऊ एकत्र आले की कान अचानक तक्रार करतो. आवाजात असं काही नाही जे या दोन नावांत सोसवतं आणि तिसऱ्यात सोसवत नाही. जुन्या स्मृतिकारांचा निकष लावला तरी सखू नापास होत नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीचं नाव कसं असावं ते सांगितलं आहे : उच्चारायला सोपं, कठोर नसलेलं, स्पष्ट अर्थाचं, मनाला रुचणारं, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेलं. सखू यातल्या एकाही अटीला चुकत नाही. परदेशाचं म्हणाल तर सईइतकं अडचणीचं नाव शोधून सापडायचं नाही. रोमन लिपीत ते लिहिलं की तीन अक्षरं होतात आणि मराठी सोडून बाकी सगळा देश ती ‘साई’ अशी वाचतो. तो साई अगदी वेगळा, स्वामीपासून निघालेला, शिर्डीमुळे घराघरात पोचलेला, आणि पुरुषाच्या नावातही येणारा. तेलुगू मुलखात तर साई हे मुलाचं नाव म्हणून सर्रास आढळतं. अभिनेत्री सई मांजरेकरच्या नावाच्या रोमन स्पेलिंगमध्ये शेवटी दोन ‘ई’ जोडलेले असतात. मराठी कानाला जे एका दीर्घ ईमध्ये ऐकू येतं ते बाहेर समजावं म्हणून दोन अक्षरांची भर घालावी लागते. एवढी कटकट माहीत असून आईबाप हे नाव ठेवतात. सोयीसाठी ठेवत असते तर मीरा ठेवून मोकळे झाले असते. त्या नावात त्यांना सोयीपेक्षा मोठं काहीतरी मिळतं, आणि सखूत ते मिळत नाही. ते काय, हा खरा प्रश्न आहे.

आक्षेपक : ते काय, तुम्हीच सांगा. इतिहास नको, अर्थ नको, नाद नको. उरलं काय?

लेखक : उरली सोबत. नावाची जी सोबत असते तिचा वास नावाला लागतो. यासाठी आपल्याकडचा एक विधी जवळून पाहावा लागेल. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं किंवा बोटानं त्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो, आणि बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं नाव त्या दिवसापासून संपतं. एकोणिसाव्या शतकातल्या तीन कर्तबगार बायका घ्या. अमेरिकेत जाऊन १८८६मध्ये डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे माहेरच्या यमुनाच. महर्षी कर्व्यांशी १८९३ मध्ये पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई माहेरच्या गोदू. नदीच्या नावाची मुलगी करू नये असा मनूचा दंडक आहे खरा, पण महाराष्ट्रानं तो कधी मनावर घेतला नाही. गोदावरी, गंगा, भागीरथी, कृष्णा नावाच्या सासुरवाशिणी घरोघर होत्या. तेव्हा कारण तिथे शोधू नये. मला दिसतं ते एवढंच की माहेरी यमू, गोदू अशी हाकेची नावं असलेल्या मुली सासरी येताना रमा आणि आनंदी झाल्या, पोथीत आणि पेशव्यांच्या वाड्यात शोभणाऱ्या. त्या घरांत नाव बदलणं म्हणजे पायरी चढणं होतं आणि ती पायरी संस्कृताकडे जाणारी होती. माधवराव पेशव्यांची पत्नी रमाबाई, रघुनाथरावांची आनंदीबाई. हाकेचं, ऊकारान्त, घरगुती नाव मागे टाकायचं, हे शिकवणारं ते तांदळाचं ताट होतं.

मग विसाव्या शतकात दोन गोष्टी झाल्या. नावामागचं ‘बाई’ गळालं. पूर्वी सईला, सखूला, जनेला बाई लागल्याशिवाय नाव पुरं होत नसे. बाई गेल्यावर सई उघडी पडली आणि तशीच सुबक दिसली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : संस्कृत नावं सगळ्यांची झाली. शाळा, सिनेमा, रेडिओ यांच्यामुळे शकुंतला, शालिनी, मग सुनीता, संगीता, वैशाली ही नावं गावोगाव पोचली. ही फार चांगली गोष्ट झाली. ज्यांच्या वाट्याला शतकानुशतकं दगडाधोंड्याची, केराची, भिकेची नावं आली, त्यांनी आपल्या लेकींना कालिदासाची नावं दिली. मनूनं तर चार वर्णांच्या नावांची पायरी लावून शूद्राचं नाव तिरस्कार सुचवणारं असावं असं सरळ सांगितलं होतं. त्या पायरीवर पाय देऊन माणसं वर आली. पण सगळे एका पायरीवर आले की आधीपासून तिथे असलेले दुसरीकडे सरकतात. यावेळी ते खाली उतरल्यासारखे दिसले : जाई, जुई, सई, सायली, मुक्ता. मातीतली, ओवीतली, आखूड मराठी नावं. ज्याच्याकडे पोथी आधीच होती त्याला ओवी हातात घेणं शोभून दिसलं. शकुंतला परांजप्यांच्या घरात १९३८मध्ये जे झालं ते याच वळणाचं, फार लवकर घेतलेलं पाऊल. सखू मात्र त्या वळणावर नव्हती. ती तोवर भांडी घासत होती. शहरात आलेल्या कष्टकरी बायकांना ज्या नावांनी हाक मारली जाई त्यांत सखूबाई इतकं नेहमीचं झालं की नादिरा झहीर बब्बर यांनी मुंबईतल्या मोलकरणीच्या आयुष्यावर नाटक लिहिलं तेव्हा त्याचं नावच ‘सकुबाई’ होतं. सरिता जोशींनी एकटीनं उभं केलेलं ते नाटक त्या बाईविषयी मायेनं भरलेलं आहे. पण नाव ऐकताच प्रेक्षकाला ती कोण हे न सांगता कळतं, ही त्या नावाच्या सोबतीची ताकद आहे.

आक्षेपक : हे ऐकायला ठीक आहे, पण यात तुम्ही आईबापांवर नसता आरोप करताय. बाळाचं नाव ठेवताना कुणी मोलकरणीचा विचार करत नाही. त्यांना सई आवडते, सखू आवडत नाही, एवढंच असतं. आणि तुमच्या सिद्धान्ताच्या विरुद्ध एक मोठी गोष्ट आहे. ज्यांना तुम्ही कष्टकरी म्हणता त्या घरांतही आज कुणी सखू ठेवत नाही. मग तुच्छता कोण कुणाची करतंय? उलट सईबाई हे नाव खेड्यांत कधी बुजलंच नव्हतं. पुण्यामुंबईनं ते उचललं तेव्हा तुम्हाला ते ‘परत आलं’ असं वाटलं.

लेखक : आवड खरी असते, यात मला शंका नाही, आणि कुणा आईबापांना दोष द्यायचा माझा हेतूही नाही. पण आवड घडते कशी? कानाला आपण जे गोड म्हणतो ते कानानं आधी ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यांच्यामुळे गोड झालेलं असतं. याची पडताळणी दुसऱ्या एका जोडीवर करता येते. मुक्ताबाई आणि जनाबाई दोघी संत, दोघींचा काळ जवळचा, दोघींची नावं दोन अक्षरी आणि आकारान्त. मुक्ता हे नाव उजळून परत आलं, त्या नावाच्या अभिनेत्री झाल्या, १९९४मध्ये जब्बार पटेलांनी ‘मुक्ता’ चित्रपट केला. जना आली नाही. मुक्तेचा अर्थ आजच्या काळाला भावतो, हे मी नाकारत नाही. पण जन म्हणजे लोक, या अर्थात तरी काय वाईट आहे? फरक एवढाच की एक ज्ञानेश्वरांची बहीण होती आणि दुसरी नामदेवांच्या घरची दासी. तुम्ही म्हणाल, मुक्ता हे तर १८५५मध्ये ‘ज्ञानोदया’त आपला निबंध छापून आणणाऱ्या, फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मातंग मुलीचंही नाव होतं. होतं, आणि ते सर्वांना ठाऊक असायला हवं. तरी बारशाच्या वेळी लोकांना जी मुक्ता आठवत आली ती आळंदीची.

कष्टकरी घरांनी सखू सोडली, हे खरं आहे आणि ते बरोबरच आहे. ज्या नावानं आईला, आजीला दारातून हाका मारल्या गेल्या, कधी बाईशिवाय नुसत्या ‘ए सखू’ म्हणून, ते नाव त्यांनी लेकीला का द्यावं? त्यांनी ते सोडण्यात तुच्छता नाही, सुटका आहे. तुमचा हा मुद्दा माझ्या विरुद्ध जात नाही, तो माझं म्हणणंच सांगतो : नाव जड झालं होतं ते सोबतीमुळे. आणि खेड्यात सईबाई टिकून होती असं असेल, तर ती तिथे असेपर्यंत ‘जुनं नाव’ होती, शहरातल्या शिकलेल्या घरात आल्यावर ‘वेगळं नाव’ झाली. अक्षरं तीच. जागा बदलली आणि किंमत बदलली.

आक्षेपक : समजा हे सगळं मानलं. पुढे काय? समतेसाठी मुलीचं नाव सखू ठेवा, असं तुम्ही सांगणार? वर्गात पोरं तिला चिडवतील. तुमच्या विचाराचं ओझं त्या लेकराच्या डोक्यावर का? सईमागे निदान महाराणी उभ्या आहेत. सखूमागे कोण आहे? ज्या नावाला इतिहास नाही ते परत आणायचं कशाच्या जोरावर?

लेखक : लेकराच्या डोक्यावर ओझं नको, हे शंभर टक्के मान्य. म्हणून ज्यांच्या घरानं हे नाव सोसलं आहे त्यांना मी काहीही सुचवणार नाही. त्यांच्या मुली ईरा होवोत, आर्या होवोत, त्यांना वाटेल त्या होवोत. माझी विनंती ज्यांना सई ठेवताना कसलीच भीती वाटत नाही त्यांना आहे. नाव हलकं होतं ते निश्चिंत घरांनी उचललं की होतं, हे सईच्याच प्रवासातून दिसलं. पुढच्या वेळी घरात यादी कराल तेव्हा सई, सखी, जाई यांच्या ओळीत सखूही लिहा. दोनदा मोठ्यानं म्हणून पाहा. नकोसं वाटलं तर खोडा, पण खोडताना का नकोसं वाटलं तेवढं स्वतःला विचारा.

आणि इतिहास म्हणाल तर तो आहे, फक्त आपण तिकडे पाहिलेलं नाही. कऱ्हाडची संत सखू पंढरीला निघाली तेव्हा सासरच्यांनी तिला बांधून घातलं, आणि तिच्या जागी विठ्ठल स्वतः बांधून घेऊन उभा राहिला, अशी कथा वारकऱ्यांच्या घरोघर सांगितली जाते. प्रभातनं १९४१मध्ये तिच्यावर चित्रपट काढला, हंसा वाडकरांनी ती भूमिका केली. देव जिच्या जागी राबला तिचं हे नाव. पण तुम्हाला महाराणीच हव्या असतील तर त्याच घरात पाहा. सईबाईंच्या एका मुलीचं नाव सखूबाई होतं. आई आणि मुलगी, एकाच शब्दाची दोन रूपं, आणि त्या काळी दोन्ही भोसल्यांच्या घरात सारख्याच मानानं नांदली. या सखूबाईचं लग्न सईबाईंचे भाऊ बजाजी नाईक निंबाळकर यांचा मुलगा महादजी याच्याशी झालं. सई फलटणहून भोसल्यांकडे आली होती, आणि तिची सखू भोसल्यांकडून फलटणला गेली.